उकळत्या पाण्याच्या नळीत ४० सेकंदांचं दोलन: लेडिनेग, डेन्सिटी वेव्ह की आणखी काही?

तप्तनळी:

आडव्या नळीत पाणी उकळण्याचा एक छोटा टेस्ट लूप आहे. प्रवाह एका मर्यादेखाली नेला की सगळा लूप डोलायला लागतो. प्रकार नेमका कोणता आणि उपाय कुठे बसवायचा, यावर जाणकारांचं मत हवं आहे. तपशील एकदमच देतो, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारायला नको.

नळी स्टेनलेस स्टीलची, आतला व्यास ५ मिमी, बाहेरचा ६ मिमी, तापणारी लांबी १.२ मीटर. नळीतूनच डीसी करंट सोडून तापवतो: १७० अँपिअर, साधारण साडेसतरा व्होल्ट, म्हणजे ३ किलोवॉट. पाणी ६०° सेल्सिअसला आत येतं. नळीनंतर सेपरेटर आणि कंडेन्सर, तिथला दाब २ बार अ‍ॅब्सोल्यूट ठेवलेला. पाणी ढकलायला गिअर पंप. पंपानंतर एक ग्लोब व्हॉल्व्ह, त्यापुढे नायट्रोजन भरलेला ब्लॅडर अ‍ॅक्युम्युलेटर (चालू दाबाला वायूचा भाग सुमारे २ लिटर, पंपाचे धक्के मरावेत म्हणून बसवलेला), मग कोरिऑलिस फ्लोमीटर, प्रीहीटर आणि नळी.

३ किलोवॉट कायम ठेवून प्रवाह १.२ किलो/मिनिटापासून खाली आणला. ०.७५ पर्यंत सगळं शांत. ०.७ च्या खाली गडबड सुरू. पंप ०.४७ ला लावला तेव्हा मीटर ०.१ पासून १.८ किलो/मिनिटापर्यंत झोके घेतो, एका झोक्याला ४० ते ४५ सेकंद. नळीच्या शेवटच्या टोकाचं भिंतीचं तापमान १२५° पासून २००° च्या वर जाऊन परत येतं. प्रवाह कमी असतो त्या टप्प्यात वर ३-४ सेकंदांची बारीक थरथर दिसते, जास्त असतो तेव्हा ती नसते.

दोन गोष्टी करून पाहिल्या. पंपानंतरचा ग्लोब व्हॉल्व्ह आवळला: काडीचा फरक नाही. नळीनंतरचा निडल व्हॉल्व्ह (एरवी पूर्ण उघडा) थोडा आवळला: दोलन उलट वाढलं.

हे लेडिनेग आहे का? ऑरिफिस (बारीक छिद्राची प्लेट) टाकायचा तर केवढा आणि कुठे? पुढे याच मापाच्या चार नळ्या एका हेडरवर (सगळ्यांना पाणी वाटणाऱ्या सामायिक पाइपवर) समांतर बसवायच्या आहेत, त्या दृष्टीनेही सांगावं.

बॉयलरभाऊ:

सरळसरळ लेडिनेग. प्रवाह कमी केला की दाबफरक वाढतो, तो उताराचा उलटा भाग. इनलेटला थ्रॉटल करा, मिटलं. ग्लोब व्हॉल्व्ह अजून आवळून बघा.

द्रवबाष्प:

बॉयलरभाऊ, अर्धं बरोबर आहे. लेडिनेगने १९३८ मध्ये दाखवलेली अस्थिरता स्थिर प्रकारची: प्रवाह एका बिंदूवरून घसरतो आणि दुसऱ्या बिंदूवर जाऊन बसतो. तिथून तो आपणहून परत येत नाही. इथे तो ४० सेकंदांनी घड्याळासारखा परत येतोय. म्हणजे घसरगुंडी लेडिनेगचीच, पण घसरलेल्याला पुन्हा वर चढवणारं काहीतरी लूपमध्ये आहे. ते म्हणजे तो अ‍ॅक्युम्युलेटर. याला प्रेशर ड्रॉप ऑसिलेशन म्हणतात. स्टेनिंग आणि वेझिरोग्लू यांनी १९६५ च्या सुमारास याची नीट मांडणी केली.

आधी नळीचा स्वतःचा वक्र, म्हणजे कुठल्या प्रवाहाला किती दाबफरक लागतो, तो पाहू. ६०° चं पाणी २ बारला उकळबिंदूपर्यंत (१२०°) न्यायला किलोमागे सुमारे २५४ किलोज्यूल लागतात. ३ किलोवॉट भागिले २५४ म्हणजे ११.८ ग्रॅम/सेकंद, ०.७१ किलो/मिनिट. यापेक्षा जास्त प्रवाह असेल तर नळीतून पाणीच बाहेर येतं, कमी असेल तर वाफ मिसळते. (भिंतीलगत बुडबुडे त्याआधीच सुटतात, म्हणून तुमची शांतता ०.७१ च्या थोडी आधीच मोडू शकते.) आता होमोजिनियस मॉडेलने (पाणी आणि वाफ एकाच वेगाने वाहतात असं धरून) घर्षण आणि प्रवेगाचा दाबफरक काढला की साधारण असं येतं: ०.७१ ला दीड-दोन किलोपास्कल, ०.४७ ला १४-१५, ०.२४ ला २०. त्याहून खाली पुन्हा उतरायला लागतो. या दाबाला हे मॉडेल बरंच ढोबळ आहे, आकडे दिशा कळण्यापुरतेच घ्या. पण चित्र स्वच्छ आहे: ०.२४ ते ०.७ हा अख्खा पट्टा उलट्या उताराचा, आणि तुमचा ०.४७ त्याच्या बरोबर मधोमध.

गिअर पंप एकटा असता तर हा उलटा उतार त्रास देत नाही. तो पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंटचा, दाब वाढो की घटो, पाणी जवळपास तेवढंच ढकलणार. पण मध्ये २ लिटर वायू ठेवला की नळीला पंप दिसतच नाही, तिला दिसतो जवळपास स्थिर दाबाचा एक फुगा. मग पुढचं चक्र सुरू होतं.

नळी वक्राच्या कमी प्रवाहाच्या फांदीवर असते तेव्हा ती ०.१ ते ०.२ घेते, पंप मात्र ०.४७ देतोय. उरलेलं पाणी फुग्यात भरतं, दाब चढतो. दाब वक्राच्या माथ्यापर्यंत, म्हणजे २० पर्यंत पोचला की त्या फांदीवर पुढे जागाच नाही. प्रवाह उडी मारून पाण्याच्या फांदीवर जातो, तिथे दीड-दोन किलो/मिनिट वाहतं. आता नळी पंपापेक्षा जास्त घेते, फुगा रिकामा होतो, दाब उतरतो, वक्राच्या तळाशी पोचला की पुन्हा उडी, आणि पहिले पाढे पंचावन्न.

वेळेचा हिशेबही जुळतो. माथा ते तळ १८ किलोपास्कल, फुग्यातला दाब साधारण २२०, वायू २ लिटर: प्रत्येक चक्रात १६० मिलिलिटर पाणी आत-बाहेर करावं लागतं. भरताना फरक सरासरी ०.३२ किलो/मिनिट, म्हणजे सेकंदाला ५ मिलिलिटरच्या आसपास, ३० सेकंद. रिकामं होताना सेकंदाला १४-१५ मिलिलिटर, ११ सेकंद. बेरीज ४१.

ग्लोब व्हॉल्व्ह निरुपयोगी का ठरला तेही यातच आलं. तो फुग्याच्या अलीकडे आहे. गिअर पंपाचा प्रवाह त्याने बदलत नाही, आणि फुगा व नळी यांच्यामधला मार्ग तर त्याने जराही अरुंद झालेला नाही. अजून आवळला तर पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडेल, बाकी काही होणार नाही.

उष्णगतिक:

वरच्या ३-४ सेकंदांच्या थरथरीबद्दल. ती वेगळीच गोष्ट आहे: डेन्सिटी वेव्ह. आत येणारा प्रवाह किंचित कमी झाला तर त्या पाण्याचा तुकडा जास्त तापतो, लवकर उकळतो, आणि हलकी घनता पुढे सरकत शेवटाकडे जाते. शेवटच्या भागातला दाबफरक त्यामुळे बदलतो, पण उशिरा. हा उशीर नेमका अर्ध्या आवर्तनाएवढा पडला की चुकीच्या वेळी ढकलणाऱ्या झोपाळ्यासारखं होतं. आवर्तनकाळ साधारण नळी पार करायला लागणाऱ्या वेळेच्या दीडपट ते दुप्पट असतो.

तुमच्या नळीत हा वेळ कसा निघतो ते बघण्यासारखं आहे. भिंतीची उष्णता सगळीकडे सारखी असल्यामुळे पाण्याच्या तुकड्याला उकळबिंदू गाठायला लागणारा वेळ प्रवाहावर अवलंबूनच नाही. मीटरभर नळीत १८.८ ग्रॅम पाणी, त्याला लागणारे २५४ किलोज्यूल/किलो, आणि मीटरमागे मिळणारे २५०० वॉट: १.९ सेकंद. प्रवाह दुप्पट केला तर उकळण्याची जागा दुप्पट पुढे जाते, वेळ तोच. उकळल्यानंतरचा प्रवास इतका वेगवान (०.४७ ला शेवटी वेग वीसेक मीटर/सेकंद) की तो सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतबाहेरच. म्हणून एकूण २ सेकंद, आणि दोलन ३ ते ४ सेकंदांचं. नोंदींशी तंतोतंत.

जास्त प्रवाहाच्या टप्प्यात ती दिसत नाही, कारण तेव्हा नळीत वाफच नसते. लाट उठणार कशाची?

आता आउटलेटचा निडल व्हॉल्व्ह. इनलेटवरचा अडथळा प्रवाहाबरोबर त्याच क्षणी प्रतिसाद देतो: प्रवाह वाढला, लगेच दाबफरक वाढला, लगेच लगाम. आउटलेटवरचा अडथळा वाफ-पाण्याच्या मिश्रणाचा, तो उशिरा प्रतिसाद देतो. शिवाय मिश्रणाचा वेग प्रचंड असल्याने तिथली एखादी बारीकशी अडचणही मोठा दाबफरक खाते आणि उलटा उतार आणखी तीव्र करते. म्हणजे दोन्ही रोग एकाच व्हॉल्व्हने वाढतात. तो काढूनच टाका. नळीनंतरचे कोपरे, अरुंद फिटिंग, ४ मिमी छिद्राची कम्प्रेशन युनियन वगैरेही तपासा. बऱ्याच लूपमध्ये खरा थ्रॉटल तिथे लपलेला असतो. दाब ठेवायचा तर कंडेन्सरचं थंड पाणी कमी-जास्त करून ठेवा.

तप्तनळी:

दोघांचेही आभार. तुमच्या मांडणीवरून दोन चाचण्या केल्या, त्यात एक कोडं उरलंय.

अ‍ॅक्युम्युलेटरमधला वायू २ लिटरवरून सुमारे १ लिटरवर आणला: मोठं दोलन ४२ सेकंदांवरून २२ वर आलं, बारीक थरथर मात्र ३-४ सेकंदांचीच. मग अ‍ॅक्युम्युलेटरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला. मोठं दोलन गेलंच, पण बारीक थरथरही जवळपास गेली. ती तर डेन्सिटी वेव्ह होती ना, तिचा वायूशी काय संबंध? आणि मग अ‍ॅक्युम्युलेटर काढून टाकला की प्रश्न मिटला असं समजायचं का?

द्रवबाष्प:

कोडं चांगलं आहे, आणि पुष्कळ लोक इथेच फसतात.

डेन्सिटी वेव्हचा काळ वायूवर अवलंबून नाही, पण ती *उठण्यासाठी* नळीच्या दोन टोकांमधला दाबफरक बाहेरून जवळपास बांधलेला असावा लागतो, म्हणजे प्रवाहाला हलायला मोकळीक मिळते. अ‍ॅक्युम्युलेटर ती मोकळीक देत होता. तो बंद केला, आता गिअर पंपाने प्रवाहच बांधून टाकला. प्रवाह हलू शकत नाही, तर लाट कशी उठेल? म्हणून 'बंद केलं, गेलं' या चाचणीने दोन प्रकारांत फरक करता येत नाही. फरक करते ती पहिली चाचणी: वायू अर्धा केल्यावर जे अर्ध्यावर आलं ते प्रेशर ड्रॉप ऑसिलेशन, जे जागचं हललं नाही ती डेन्सिटी वेव्ह.

एकच नळी चालवायची असेल तर हो, अ‍ॅक्युम्युलेटर काढा. गिअर पंपाच्या दातांचे धक्के शेकड्यातल्या हर्ट्झचे असतात, त्यांचं या उकळण्याशी काही देणंघेणं नाही. पण काढल्यावरही वायू कुठे दडलाय का बघा: प्रीहीटरच्या वरच्या कोपऱ्यात, गाळणीच्या वाटीत, दाबाच्या ट्रान्समीटरला जाणाऱ्या बारीक नळीत (इम्पल्स लाइनमध्ये), लवचीक रबरी होजमध्ये. चाचणीआधी पाणी अर्धा-पाऊण तास उकळून त्यातली विरघळलेली हवा काढून टाका. आणि लांबी-व्यासाचं गुणोत्तर १५० च्या वर असलेल्या नळ्यांत आतली वाफच स्प्रिंगसारखी वागू शकते. तुमचं २४० आहे. किरकोळ दोलन उरलं तर त्याचा अर्थ हा.

चार नळ्यांचं मात्र सगळं उलटं होणार आहे. चारही नळ्यांची दोन्ही टोकं एकाच हेडरला. पंपाने एकूण प्रवाह कितीही घट्ट बांधला तरी कुठल्याही एका नळीला तो बांधलेला नाही. तिच्या वाट्याला फक्त हेडरांमधला दाबफरक येतो. म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर नसतानाही प्रत्येक नळीला तीच मोकळीक परत मिळाली. एक नळी पाण्याच्या फांदीवर, दुसरी वाफेच्या फांदीवर, एकूण बेरीज तीच. आणि डेन्सिटी वेव्ह दोन नळ्यांत असेल तर एकमेकींच्या बरोबर विरुद्ध कलेत, तिघींत १२० अंशांच्या फरकाने. मुख्य लाइनवरचा कोरिऑलिस मीटर सरळ रेष काढत बसतो आणि आत नळ्या भाजत असतात.

म्हणून समांतर मांडणीत प्रत्येक नळीच्या शेवटाला भिंतीवर थर्मोकपल, आणि शक्य असेल तर प्रत्येक नळीच्या इनलेट ऑरिफिसवर दाबफरकाचा ट्रान्समीटर. ट्रान्समीटरचं डॅम्पिंग सेटिंग तपासा. ते २ सेकंद वगैरे ठेवलेलं असेल तर ३ सेकंदांची लाट तो तुमच्यापासून लपवतो. ०.१ सेकंदाच्या आत आणा, नोंद सेकंदाला किमान १०-२० वेळा.

ऑरिफिसप्लेट:

आकार काढून देतो, कसा काढायचा तेही सांगतो.

द्रवबाष्प यांच्या आकड्यांवरून सर्वांत तीव्र उलटा उतार ०.४७ ते ०.७१ च्या मध्ये आहे: ४ ग्रॅम/सेकंदात १३ किलोपास्कल, म्हणजे ग्रॅम/सेकंदामागे ३.२५. ऑरिफिसचा उतार त्याच प्रवाहाला यापेक्षा जास्त हवा. ३० टक्के जास्त धरून ४.२. ऑरिफिसचा दाबफरक प्रवाहाच्या वर्गात वाढतो, म्हणून पट्ट्याच्या मधल्या ९.८ ग्रॅम/सेकंदाला हा उतार मिळवायला ०.४७ किलो/मिनिटाला (७.८५ ग्रॅम/सेकंद) तो साधारण १३ किलोपास्कल खाल्ला पाहिजे. डिस्चार्ज कोइफिशंट (छिद्रातून प्रत्यक्ष प्रवाह आदर्श प्रवाहाच्या किती पट) ०.६२ धरला तर छिद्र १.८ मिमी. खालच्या टोकाला, ०.२४ ते ०.४७ च्या दरम्यान, उलटा उतार १.४ च आहे आणि ऑरिफिस २.५ देतो, तिथे अडचण नाही.

थोडक्यात, इनलेटला नळीतल्या दाबफरकाच्या जवळपास बरोबरीचा दाबफरक. कमी दाबाच्या पाण्याला एवढी किंमत मोजावीच लागते. पण हा हिशेब फक्त उलटा उतार सरळ करण्यापुरता. डेन्सिटी वेव्हला तो पुरेल याची हमी त्यात नाही, म्हणून पहिली प्लेट १.६ मिमीची करा. ती त्याच प्रवाहाला २० किलोपास्कल घेईल. जुळलं तर मग १.८ वर या. उलटं करू नका.

जागा: प्रत्येक नळीला स्वतंत्र, हेडर आणि तापणाऱ्या भागाच्या मध्ये, आणि ऑरिफिस व नळी यांच्यामध्ये वायूचा एकही कप्पा नको. हेडरच्या आधी एकच मोठा ऑरिफिस टाकणं म्हणजे तुमच्या ग्लोब व्हॉल्व्हचीच पुनरावृत्ती, चार नळ्यांमधल्या वाटणीला तो काहीच करत नाही. चारही प्लेट एकत्र ड्रिल-रीम करा आणि आधी थंड पाण्यावर एकेकीचा दाबफरक मोजा. छिद्रात ०.०५ मिमीचा फरक म्हणजे दाबफरकात ११-१२ टक्के.

एवढं छिद्र कचऱ्याने बुजतं. आधी १०० ते २०० मायक्रॉनची गाळणी हवी, आणि गाळणीच्या वाटीतली हवा सुरुवातीला सोडून द्यायची. निडल व्हॉल्व्हने हेच काम होतं, पण चार व्हॉल्व्ह सारखे लावणं कठीण आणि ते कंपनाने सरकतात. प्रयोगासाठी व्हॉल्व्ह, कायमचं म्हणून प्लेट.

उष्णगतिक:

दाब वाढवता येत असेल तर तो सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. २ बारला पाणी आणि वाफेच्या घनतेचं गुणोत्तर ८३५ आहे, १० बारला १७२. सगळा खेळ या गुणोत्तराचा. १० बारला तीच नळी, तोच प्रवाह घेतला तर उलटा उतार कितीतरी सौम्य होतो.

सबकूलिंगबद्दल (आत येणारं पाणी उकळबिंदूपेक्षा किती थंड, त्याबद्दल) मात्र सावध. 'पाणी गरम करून आत सोडा, थांबेल' हा सल्ला अर्धवट आहे. सबकूलिंग शून्याजवळ आणलं तर स्थिरता वाढते, ते खूप वाढवलं तरी वाढते, कारण नळीत वाफच कमी होते. मधला पट्टा वाईट. म्हणून ६०° वरून ८०° ला आणल्यावर परिस्थिती सुधारेल की बिघडेल हे तुम्ही त्या पट्ट्यात कुठे उभे आहात यावर ठरतं. लेडिनेगपुरतं बोलायचं तर सबकूलिंग कमी करणं नेहमीच भल्याचं.

तप्तनळी:

१.६ ची प्लेट करतो. चार नळ्या जोडण्याआधी एकाच नळीवर समांतर नळ्यांसारखी परिस्थिती तयार करता येईल का?

द्रवबाष्प:

येते. नळीला समांतर एक न तापवलेली बायपास लाइन जोडा आणि तिच्यातून नळीच्या पाच ते दहापट पाणी सोडा. नळीत काहीही झालं तरी टोकांमधला दाबफरक बायपासच ठरवतो. शेकडो नळ्यांच्या समूहातल्या एका नळीची हीच अवस्था असते. पंप मात्र तेवढा मोठा लागेल.

क्रम असा ठेवा. आधी बायपास बंद, अ‍ॅक्युम्युलेटर बंद, आणि नळीचा वक्र मोजून घ्या: १.२ पासून ०.०५ च्या पायऱ्यांनी ०.२५ पर्यंत, प्रत्येक पायरीवर ३ ते ५ मिनिटं, इनलेट तापमान अर्ध्या अंशात स्थिर. हीट बंद ठेवूनही एकदा तोच वक्र घ्या. मग प्लेट बसवून पुन्हा. प्लेटसहित वक्रात कुठेही उलटा उतार दिसला तर बायपास उघडूच नका, छिद्र बदला. सगळीकडे चढता असेल तर बायपास उघडून कमी हीटपासून सुरुवात करा, ०.१ किलोवॉटच्या पायऱ्यांनी.

प्लेटशिवाय बायपास उघडून ०.४७ ला उभं राहण्याचा मोह टाळा. दाबफरक १४-१५ ला बांधला तर तीन उत्तरं आहेत: ०.४७, पाण्याच्या फांदीवर दोनच्या आसपास, आणि वाफेच्या फांदीवर ०.१२. मधलं टिकत नाही. ०.१२ ला गेली तर शेवटी निम्म्याहून जास्त वाफ, पुढे ड्रायआउट (भिंतीवरचं पाणी संपून ती कोरडी पडणं), आणि आता वर खेचायला अ‍ॅक्युम्युलेटरही नाही.

बॉयलरभाऊ:

चूक मान्य, फुग्याची जागा नीट वाचली नव्हती.

ड्रायआउटचा विषय निघालाच आहे तर नळी जळायला किती वेळ लागतो ते बघा. ५/६ मिमीच्या नळीत मीटरला ६८ ग्रॅम स्टील, उष्णताधारकता ३४ ज्यूल/अंश. आत वाफेने काहीच थंड केलं नाही असं धरलं तर २५०० वॉट तिला सेकंदाला ७० अंशांहून जास्त वेगाने तापवतात. १५०° वरून ५००° ला पाच सेकंदांत. ३ सेकंद फिल्टर लावलेल्या पीएलसीवर (नियंत्रण संगणकावर) ट्रिप ठेवली तर ती नळी लाल झाल्यावर वाजणार. ट्रिप भिंतीच्या थर्मोकपलवर, सेकंदाच्या आत डीसी तोडणारी, आणि शेवटच्या १०-१५ सेंमीत किमान दोन जागी. नळीत करंट वाहतोय, तेव्हा थर्मोकपल नळीपासून अभ्रकाच्या पातळ चकतीने विद्युतदृष्ट्या वेगळं हवं, नाहीतर व्होल्टेज मिसळून तापमान भलतंच दिसेल.

मोठ्या वन्स-थ्रू बॉयलरमध्ये (पाणी एकाच फेरीत वाफ होतं अशा) वॉटरवॉल, म्हणजे भट्टीच्या भिंतीतल्या, नळ्यांच्या इनलेटला ऑरिफिस याच कारणाने असतात. पूर्ण भाराला दाब क्रिटिकलच्या (२२१ बार) वर असला तरी स्लायडिंग प्रेशरवर (भाराबरोबर दाबही उतरतो त्या पद्धतीत) भार उतरवला की दाब त्याच्या खाली येतो आणि उकळणं परत सुरू होतं. त्यात मॅग्नेटाइट (लोखंडाचा काळा ऑक्साइड) साचून ऑरिफिस अरुंद झाला की त्या एकाच नळीचं पाणी घटतं. म्हणून नळी फाटल्यावर ऑरिफिसही उघडून बघतात.

अणुवाचक:

उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीत हाच प्रश्न आणखी एका पायरीने गुंतागुंतीचा होतो. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या (१९६९) याच जातीच्या. इंधनाचे शेकडो गठ्ठे म्हणजे समांतर नळ्याच, प्रत्येकाच्या तळाशी ऑरिफिस. ७० बारला घनतेचं गुणोत्तर २० वर आलेलं, तरीही वाफ वाढली की न्यूट्रॉन मंद होण्याचं प्रमाण कमी होतं, शक्ती घटते, वाफ घटते, शक्ती पुन्हा वाढते. डेन्सिटी वेव्हच्या वेळाशी हे जुळलं की शक्तीच डोलते. अमेरिकेतल्या लासाल केंद्राच्या दुसऱ्या भट्टीत ९ मार्च १९८८ रोजी दोन्ही रिसर्क्युलेशन पंप बंद पडले, प्रवाह नैसर्गिक अभिसरणावर आला आणि काही मिनिटांत शक्ती डोलायला लागली. शेवटी न्यूट्रॉन फ्लक्स ११८ टक्क्यांना पोचल्यावर भट्टी आपोआप बंद झाली. कमी प्रवाह आणि त्यामानाने जास्त शक्ती हा कोपरा तेव्हापासून चालवण्याच्या नकाशात वर्ज्य म्हणून आखलेला असतो.

रसायनवाला:

प्रोसेस प्लांटवाल्यांसाठी जोड. उभ्या थर्मोसायफन रिबॉयलरमध्ये (ऊर्ध्वपातन कॉलमच्या तळाचा द्रव पंपाशिवाय फिरवत उकळवणाऱ्या हीटरमध्ये) कॉलमची पातळी दर काही सेकंदांनी उसळत असेल तर आधी रिबॉयलरच्या *इनलेट* लाइनवरचा व्हॉल्व्ह थोडा आवळतात, तो याच तत्त्वाने. वाफेकडची परतीची लाइन अरुंद ठेवली की नेमकी उलटी गत होते. व्हॉल्व्ह नसेल तर नवीन लाइनमध्ये आधीच स्पूलपीस (काढता येणारा पाइपचा तुकडा) ठेवावा, नंतर ऑरिफिस घालता येतो.

आणि रेफ्रिजरेशनमधल्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या हंटिंगशी याची गल्लत करू नये. तिथे सुपरहीट मोजणारा बल्ब उशिरा तापतो आणि व्हॉल्व्ह मागेपुढे करतो. ओळखायची खूण: व्हॉल्व्ह हाताने एका जागी धरल्यावर दोलन थांबलं तर ते नियंत्रणाचं, चालूच राहिलं तर इव्हॅपोरेटरच्या नळ्यांचं.

ऑरिफिसप्लेट:

तप्तनळी, एक राहिलं. प्लेटची धारदार कड येणाऱ्या पाण्याच्या बाजूला, तिरपी बाजू पुढे. उलटी बसली तर कोइफिशंट ०.६२ राहत नाही, दाबफरक कमी मिळतो, आणि बाहेरून काही कळत नाही. कडेवर बाण कोरून घ्या.